मास्क खाली करणाऱ्या डॉक्टरबाईंना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

स. न. वि. वि.

त्या दिवशी तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. घशात काहीतरी अडकलं होतं. दादरच्या पुलावर दहा मिनिटं नुसता उभा राहिलो आणि दोन गाड्या सोडल्या.

तोंडाचा वास आपला आपल्याला येत नाही. समोरच्याची मान वळते तेव्हा कळतो. लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकलो की शेजारचा खिडकीकडे तोंड करायचा. ऑफिसात एकदा टेबलावर वेलचीची पुडी सापडली, कुणी ठेवली ते शेवटपर्यंत कळलं नाही. डब्यातल्या भजनात दोन वर्षं मी नुसते टाळ वाजवले.

तुमच्याआधी दोघांकडे जाऊन आलो होतो. एकाने तोंड न बघताच अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या लिहिल्या. दुसऱ्याने माउथवॉशची बाटली सरकवली आणि स्वतःची खुर्चीही, मागे.

तुम्ही मास्क खाली केलात. "तोंडाने श्वास सोडा," म्हणत पुढे वाकलात. माझा हात सवयीने ओठांवर गेला, तो तुम्ही अलगद बाजूला केलात. "हो, येतोय वास. हिरड्यांचा वाटतोय." एवढं सरळ 'हो' मला बायकोनेसुद्धा म्हटलं नव्हतं. ती बिचारी कूस बदलायची.

मी पोट साफ करायची चूर्णं घेत बसलो होतो. तुम्ही सांगितलंत, बहुतेकांचा वास तोंडातलाच असतो. जिभेच्या मागे आणि हिरड्यांच्या फटींत जंतू गंधकाचे वायू सोडतात. मग सहज विचारल्यासारखं विचारलंत, "रात्री पाणी प्यायला उठता का?" तिथून साखर तपासली. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, निघालं ९.४, बरंच जास्त. डायबिटीसने हिरड्या बिघडतात आणि सुजलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात येत नाही, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. स्केलिंगने, म्हणजे दातांवरचा थर खरवडून काढल्याने, दात हलतात अशा चुकीच्या समजुतीने मी इतकी वर्षं पळत होतो, त्यावर तुम्ही हसलातही नाही.

लोकलमध्ये एकमेकांचा घाम मुकाट सोसणारी माणसं आपण, पण आजाऱ्याच्या जवळ जायचं म्हटलं की अंग चोरतो. तुम्ही चोरलं नाहीत. डिग्रीचं जाऊ द्या, हे घरातूनच यावं लागतं.

पुढच्या महिन्यात हिरड्या दाखवायला येतोय. सोबत मेहुणा असेल. तो हल्ली तोंडापुढे रुमाल धरून बोलतो. त्याला मी काही बोललो नाही, नुसतं चल म्हटलंय.

आपला,
खुर्चीत घट्ट ओठ मिटून बसलेला पेशंट