राजाची शपथ आणि तात्यांची ट्रंक

ओटावा

ती. आई-बाबांना सा. न.

गेल्या महिन्यात मी कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. फोनवर हे सांगताना तुमचा आवाज बदलला असता आणि माझं पुढचं सगळं राहून गेलं असतं, म्हणून लिहितेय. बाबा, पत्र बाजूला ठेवू नका. पुढे वाचा.

आधी व्यवहाराचं. आपल्या कायद्यात दोन नागरिकत्वं चालत नाहीत. इथलं स्वीकारलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे तिथलं आपोआप संपतं. जुना पासपोर्ट जमा करून दाखला घेतला आणि लगेच ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या कार्डाचा, अर्ज भरला. ते हातात आलं की यायला आयुष्यभर व्हिसा लागत नाही. रात्री फोन आला तर मी पहिल्या विमानाने निघणार, पूर्वीसारखीच. मत देता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. पण ओढ्याकडचं रान वारशाने माझ्याकडे येऊ शकतं. धाकट्या काकांनी काहीही समजावलं तरी कागद मला दाखवल्याशिवाय सही करायची नाही.

आता ती शपथ. राजे तिसरे चार्ल्स आणि त्यांचे वारस यांच्याशी एकनिष्ठ राहीन, असं उजवा हात वर करून म्हणावं लागतं. बाबा, तुम्ही काय म्हणाल ते मला इथे बसून ऐकू येतंय. एवढंच म्हणते, की तात्यांनी इंग्रजांच्या फौजेत असताना राजा सहाव्या जॉर्जची शपथ घेतली होती. पोटासाठी घेतली होती आणि ते कधी लपवलंही नाही. त्यांना आपण कमी आपलं मानलं का?

तुम्ही उन्हाळ्यात आलात की इथल्या राष्ट्रीय युद्धसंग्रहालयात जायचंच आहे. पहिल्या दोन दालनांत दमायचं नाही, सरळ तिसऱ्यात जायचं. ते दुसऱ्या महायुद्धाचं आहे. दुसऱ्या दालनात पहिल्या महायुद्धातल्या पाशेंडालच्या चिखलाची हुबेहूब जागा उभी केली आहे. तिथे बाबांनी श्रवणयंत्राचा आवाज कमी करायचा, अंधारात तोफा दणाणतात. इमारतीच्या भिंती मुद्दाम कललेल्या आहेत. चक्कर येणाऱ्या माणसाला त्याने पाय डगमगल्यासारखं वाटतं, म्हणून आईने माझा हात धरायचा. व्हीलचेअर दारातच मिळते, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ही इमारत रेमंड मोरियामा यांनी बांधली. व्हँकूव्हरला जन्मलेला हा मुलगा केवळ वंशाने जपानी म्हणून १९४२ मध्ये घरच्यांबरोबर छावणीत डांबला गेला. जपानी वंशाच्या लोकांना इथे मताचा पूर्ण हक्क मिळाला तो १९४९ मध्ये. आणि २००५ साली देशाच्या युद्धस्मृतींचं घर त्याच्या आराखड्यावर उभं राहिलं. इथलं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाहीये. ब्रिटिश कोलंबियात आपल्या लोकांनाही १९४७ पर्यंत मत नव्हतं. मी हे सगळं वाचून, ठरवून घेतलंय, भुलून नाही.

इटलीच्या नकाशाशी मी बराच वेळ उभी होते. बाबा, तात्यांची जंगी पलटण, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती ना? डिसेंबर १९४३ मध्ये कॅनडावाले ऑर्तोनात घराघरांतून लढत होते, तेव्हा किनाऱ्यापासून आतल्या बाजूला व्हिला ग्रांदेत हीच डिव्हिजन होती. मे १९४४ मध्ये गारी नदीवर आपल्या पायदळाला साथ कॅनडाच्या रणगाड्यांची. वरचा तोफेचा बुरूज काढलेल्या शेरमन रणगाड्याच्या पाठीवर त्यांनी अख्खा बेली पूल, म्हणजे सुटे भाग जोडून केलेला लोखंडी पूल, लादला. तो रणगाडा थेट नदीत घातला आणि मागच्या रणगाड्याने पूल रेटून पलीकडच्या काठाला टेकवला. तात्यांची पुलाची गोष्ट आपण थाप समजायचो.

म्हणून आता तात्यांची पदकं आणि कागद असलेली ती ट्रंक. पाऊस पूर्ण उघडल्यावर, कोरड्या दिवशी, सावलीत उघडा. उन्हात नको, शाई उडते. पदकांना पितांबरी, चिंच, रांगोळी काहीही लावायचं नाही. आई, तुलाच सांगतेय. भारतीय सैनिकांच्या पदकांवर बहुधा नंबर आणि नाव ठोकलेलं असतं, ताऱ्याच्या आकाराच्या पदकांच्या पाठीवर आणि गोल पदकाच्या कडेला. घासलं की आधी तेच जातं. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बास. लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल फीत असलेला तारा इटलीचा.

डिस्चार्जचे कागद लॅमिनेट करू नका. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही. दुकानातल्या पीव्हीसीच्या पाकिटात शाई चिकटून बसते, सेलोटेपचा गोंद कागद पिवळा करतो. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा, कडक झालेली घडी जोर लावून उलगडू नका. खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून, फोन कागदाला समांतर धरून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मग सुती कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा. कडुलिंबाचा ओला पाला घालू नका, बुरशी धरते.

मला हवाय तो तात्यांचा फौजेतला नंबर. नंबर, नाव, पलटण आणि भरतीचं वर्ष लिहून बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करता येतो. नुसत्या नावावर शोध लागणं कठीण, एकाच नावाचे कितीतरी जवान असायचे. अर्ज मी लिहून पाठवते, बाबांनी वारस म्हणून सही करायची.

माझं इथे बरं चाललंय. घर उबदार आहे, भाकरीचं पीठ मिळतं, ऑफिसात कोणी त्रास देत नाही. आई, गुडघ्याचा पट्टा झोपताना काढत जा. आणि बाबांना रागवायचं असेल तर खुशाल फोनवर रागवू दे, रविवारी सकाळी मी घरीच आहे. फक्त गोळी घेतल्यानंतर.

तुमची,
मनू