ताई, हे आभार ऐकून घ्या

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून इथे, चारचौघांत लिहिते आहे. नाव घालत नाही. बडोद्यात दांडिया बाजारापासून मकरपुऱ्यापर्यंत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

बी.कॉम. होऊन घरी बसले होते, तेव्हा तुम्ही मला हाताखाली घेतलंत. मुलांना नोकरीसाठी तयार करायचं म्हणजे बायोडेटा, मुलाखतीची तयारी आणि कामापुरतं इंग्रजी, अशी माझी समजूत. तुम्ही मात्र मला वर्गातून उठवून थेट मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत नेलंत. वाटेत म्हणालात, "पोरं होतील तयार. आधी कंपनी तयार करायची."

ते कसं करायचं, हे मी तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसून पाहिलं. एचआरचे साहेब म्हणायचे, आम्हाला अनुभवी माणसंच लागतात. तुम्ही गयावया करायचा नाहीत. हजेरीपटावर माणसं किती, एवढंच विचारायचा. तीस किंवा जास्त असली की 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. वर 2016 च्या योजनेप्रमाणे विद्यावेतनाचा पाव भाग, महिना 1,500 रुपयांपर्यंत, सरकार उचलतं. हे ऐकलं की साहेब सरसावून बसायचे. मग तुमचा खरा प्रश्न यायचा: "मागच्या वर्षी घेतलेली मुलं का सोडून गेली?"

आपला अभ्यासक्रम त्या उत्तरांतून तयार झाला. कुठे दुसरी पाळी सुटल्यावर घरी जायला वाहन नव्हतं, कुठे मुलाला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, वाचता येत नव्हता, तर कुठे सुपरवायझरच्या तोंडी शिव्या होत्या. व्हर्नियर आपण शिकवला. वाहनाचं आणि शिव्यांचं बघायला मात्र तुम्ही साहेबांनाच सांगितलंत आणि ते होईपर्यंत तिथे एकही मुलगी पाठवली नाहीत. आमच्या क्षेत्रात "इतक्यांना नोकरी लावली" हे आकडे फार मिरवतात. सहा महिन्यांनी त्यातले किती टिकले, हे विचारणारं मला तुमच्याशिवाय फारसं कुणी भेटलं नाही.

आणि तो सॅलरी स्लिपचा तास! रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही फळ्यावर 12,000 लिहायचा. सगळा बेसिक, म्हणजे मूळ पगार धरला तर पीएफचे बारा टक्के, म्हणजे 1,440 गेले. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे पाऊण टक्का, 90. हातात 10,470. मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी ओरडायचं, "बेन, आ तो लूंट छे!" तुम्ही हसून पुढचं लिहायचा: कंपनीसुद्धा तुमच्या नावावर बारा टक्के भरते, ईएसआयमधून घरच्यांचंही औषधपाणी होतं, आणि नोकरी बदलली तरी यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, तोच राहतो. हा तास झाला नाही, तर पहिला पगार हातात पडताच "कंपनीने फसवलं" म्हणून पोरं घरी परततात. आज मी दुसरं काहीही कमी करते, हा तास नाही.

वर्गाला जागा नव्हती, तेव्हा गणेशोत्सव मंडळाची खोली मिळवलीत. अकरा महिने कुलपात असते, मग पोरांनी का नाही बसायचं, हा तुमचा साधा हिशेब. अध्यक्षकाका कुरकुरले, तर त्यांच्याच पुतणीचं नाव पहिल्या बॅचमध्ये घातलंत! अंगणवाडीताईंना हाताशी धरलंत, कारण कोणत्या घरात मुलगी बारावी होऊन बसली आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि ज्या सासूबाई नको म्हणत होत्या, त्यांना कारखाना आतून दाखवून आणलंत, कॅन्टीनमधल्या चहासकट.

सयाजीराव महाराजांचं नाव घेऊन हार घालायला आपण बडोदेकर पहिले. 1890 मध्ये त्यांनी कलाभवन काढलं ते लोकांच्या हाताला हुन्नर मिळावा म्हणून; दादासाहेब फाळके तिथेच शिकले. तुम्ही यावर कधी भाषण दिलं नाहीत. पण एखादा पांढरपेशा बाप "आमचा मुलगा मशीनवर?" म्हणाला, की ही गोष्ट त्याला बरोबर ऐकवायचा.

आता कंपन्यांशी बोलायचं काम माझ्याकडे आहे. परवा एका साहेबांनी विचारलं, हा मुलगा कसा आहे? मी म्हटलं, बोलायला बुजतो, पण हात चांगला आहे, महिनाभर सांभाळून घ्या. मुलाचं उणं आधी आपणच सांगायचं, हे तुमच्याकडूनच उचललं. त्यांनी त्याला घेतलं आणि आणखी दोघं मागितली.

नवी बॅच मंडळाच्या खोलीतच बसते आहे. सॅलरी स्लिपचा तास या वेळी तुम्ही घ्यायचा. गुडघ्यांची सबब चालणार नाही, रिक्षा दारात पाठवते. चहाही आमच्याकडेच.

तुमची,
हाताखालची जुनी मदतनीस
बडोदा