फुलल्यावर गाजरगवत कापणाऱ्या सरकारास

मा. पर्यावरण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

स.न.वि.वि.

साहेब, जुळे सोलापुरात आमच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरचं गाजरगवत फुलायच्या आत उपटून देतो, असा शब्द मिळाला होता. माणूस उगवला परवा, गवत कमरेला लागून पांढरंशुभ्र फुलल्यावर. उपटलं तर नाहीच; खांद्यावर मशिन घेऊन सपासप उडवत गेला. बारीक बारीक फुलं आमच्या खिडकीच्या जाळीत अडकून बसली. त्या बिचाऱ्याच्याही तोंडाला नुसता रुमाल. रात्री मला असा दम लागला की पंपानं भागेना. नेब्युलायझर लावून उशांना टेकून बसले. जरा आडवं झालं की छातीत शिट्ट्या.

मास्क लावा म्हणे. लावते की! गाजरगवताचा परागकण 15-20 मायक्रॉनचा, एन-95 तर 0.3 मायक्रॉनचे कणसुद्धा 95 टक्के अडवतो. साधा सर्जिकल मास्कही नीट बसला तर पुष्कळ अडवतो. माझ्या शिंका खरंच कमी झाल्या. पण डोळ्यांना काय बांधू? ऑक्टोबरच्या उन्हात मास्कच्या आत घामाच्या धारा, आणि भाजीवाला विचारतो, "काय ओ काकू, करोना परत आला का?" घरी आलं की केस धुवा, कपडे बदला, हेही डॉक्टरच सांगतात. नळाला रोज पाणी येतं अशा गावचे असावेत.

गवत फुलायच्या आत मुळासकट उपटा, उपटणाऱ्यांना मास्क-हातमोजे द्या आणि सरकारी दवाखान्यात दम्याच्या पेशंटला पंपासोबत मास्कही द्या. एवढंच मागणं आहे.

2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीसांत आम्ही. 2019 च्या शुद्ध हवा कार्यक्रमातही आम्ही. हिशेब मात्र सगळा धुळीचा! 2009 च्या हवेच्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषकं आहेत, परागकणाला त्यांत जागा नाही. म्हणजे मी कागदावर छान श्वास घेते. हे गवत पन्नासच्या दशकात आयात गव्हाबरोबर आलं म्हणतात, पुण्यात पहिल्यांदा दिसलं. तेव्हापासून किती सरकारं आली-गेली, गवत कायम. एका झाडाला दहा हजार बिया, कुणी पंचवीस हजार सांगतं. मोजायला तुमच्याकडे खातीही तेवढीच असतील.

"अर्ज पुढील कार्यवाहीस्तव पाठवला आहे" एवढंच कळवायचं असेल तर कागद वाया घालवू नका. पुढच्या पावसाळ्यात कोणत्या तारखेला उपटणार, ते लेखी द्या. परवाच्या कापणीचं बिल मात्र निघालंच असेल.

आपली,
जुळे सोलापुरातली एक दमेकरी