नमुने घासून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

प्रबंध सादर झाला. ऋणनिर्देशात तुमचं नाव एका ओळीत आलंय. तेवढ्यावर माझं समाधान होईना, म्हणून हे सर्वांसमक्ष लिहितेय.

तांबं आणि अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनचं सिरॅमिक) एकमेकांना कसे धरून राहतात, हा माझा विषय. तांबं 1085 अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्यात जरासा ऑक्सिजन मिसळला की 1065 च्या आसपासच पातळ द्रव सुटतो आणि तो सिरॅमिकला घट्ट धरतो. मोठी वीज हाताळणाऱ्या उपकरणांचे पत्रे असेच जोडतात. पण सांध्यावर तांब्याचा अणू धरतो कुणाला, ऑक्सिजनला की अ‍ॅल्युमिनियमला? नमुन्यातून पार होताना इलेक्ट्रॉन किती ऊर्जा गमावतात, त्यावरून ते कळतं. त्या ऊर्जेच्या आलेखात, म्हणजे वर्णपटात, शुद्ध तांब्याला 931 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास टोकदार शिखर नसतं; ऑक्सिजनशी बंध जुळला की ते वर येतं.

त्यासाठी नमुना 50 नॅनोमीटरहून पातळ हवा, आणि खरी परीक्षा तिथेच. तांबं मऊ, सिरॅमिक कठीण. नमुना पातळ करायला आर्गॉनच्या आयनांचा मारा करतात, त्यात तांबं आधी उडतं आणि नेमका सांधाच भोक पडून जातो. मारा अगदी तिरका ठेवायचा, तोही सिरॅमिकच्या बाजूने, म्हणजे तांबं त्याच्या आडोशाला राहतं, हे तुम्ही शिकवलंत. घासताना सिरॅमिकच्या कडेवर रंगीत पट्टे उमटले की हात थांबवायचा, हेही तुमचंच.

आपल्याकडच्या पावसात डेसिकेटरमधले (नमुने कोरडे ठेवायच्या भांड्यातले) ओल शोषणारे निळे दाणे बघता बघता गुलाबी व्हायचे. कुणी न सांगता तुम्ही ते ओव्हनमध्ये तापवून परत भरायचात. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना तुम्ही डिचोलीहून बसने ताळगावला आलात, कारण मुंबईच्या मायक्रोस्कोपची वेळ पुढे ढकलता येत नव्हती. त्याच नमुन्यावर, सांध्याच्या वर्णपटातून दोन्ही बाजूंचे वर्णपट वजा केल्यावर, तांबं-ऑक्सिजन बंधाची खूण उरली. माझा अख्खा चौथा अध्याय त्यावर उभा आहे.

यंत्रावर बसणाऱ्याचं नाव छापायचं आणि नमुना घडवणाऱ्याचं गाळायचं, ही रीत मला मान्य नाही. शोधनिबंधात तुम्ही सहलेखक असाल. सरांशी बोलून झालंय. कृपा करून नको म्हणू नका. इंग्रजीत नाव कसं लिहिता, तेवढं कळवा.

देव बरें करूं.

तुमची,
प्रयोगशाळेतली विद्यार्थिनी