माहिती फुटणार ग्राहकाची, दंड जाणार सरकारी तिजोरीत

महोदय,

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संसदेने २०२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तेव्हापासून आम्हा दुकानदारांत बोलले जाते ते एकाच आकड्याविषयी, अडीचशे कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाविषयी. दादर पश्चिमेला एकवीस वर्षे चष्म्याचे दुकान चालवत असल्याने त्या आकड्याची धास्ती मलाही आहे. परंतु हे पत्र लिहिते आहे ते दुसऱ्याच तरतुदीसाठी. माझ्या हलगर्जीपणामुळे ग्राहकाची माहिती फुटली, तर मला होणारा दंड भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे केंद्राच्या तिजोरीत, जमा होईल. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मिळण्याची कोणतीही सोय या कायद्यात ठेवलेली नाही.

आजवर निदान कागदावर तरी तशी सोय होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ नुसार, संवेदनशील वैयक्तिक माहिती सांभाळण्यात एखाद्या व्यावसायिकाने निष्काळजीपणा केला आणि त्यामुळे कोणाचे नुकसान झाले, तर तो भरपाई देण्यास बांधील ठरतो आणि पाच कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यासाठी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे निर्णय अधिकारी म्हणून दाद मागता येते. नव्या कायद्याने हे कलमच वगळले आहे. कायद्याच्या बहुतांश तरतुदी नियमांनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील आणि त्याच वेळी ४३अ संपेल. ज्या बाबी या कायद्याखाली दंड ठरवणाऱ्या नव्या डेटा संरक्षण मंडळाच्या अधिकारात येतात, त्यांच्यासाठी दिवाणी न्यायालयाचा दरवाजाही कलम ३९ ने बंद केला आहे.

माझ्याच व्यवसायातले उदाहरण देते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आणले आणि ते जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष काच फुटून ग्राहकाच्या डोळ्याला इजा झाली, तर तो उत्पादकावर दावा करू शकतो. शिवाय फ्रेममध्ये काच बसवताना किंवा ती तपासून देताना मी वाजवी काळजी घेतली नसेल, तर विक्रेती म्हणून मलाही जाब द्यावा लागतो. भरपाई इजा झालेल्या माणसाच्या हातात पडते. ही तरतूद आली तेव्हा मी दुकानातली कामाची पद्धत बदलली, काच बसवल्यावर कडा आणि स्क्रू पुन्हा तपासल्याशिवाय चष्मा डबीत घालायचा नाही असा दंडक घातला, आणि त्यात मला अन्याय वाटला नाही. मग त्याच ग्राहकाच्या कार्डावर लिहिलेला त्याचा मोबाईल नंबर, वय, चष्म्याचा नंबर आणि ‘मोतीबिंदू, डॉक्टरांना दाखवावे’ हा शेरा बाहेर गेला, तर त्याला रिकाम्या हाताने परत का पाठवायचे?

हे केवळ तर्काने म्हणत नाही. लालबागचे एक निवृत्त गिरणी कामगार वर्षानुवर्षे माझ्याकडे येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कार्डावर मी असाच शेरा लिहिला आणि नेहमीप्रमाणे तो बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भरला. आठवड्याभरात त्यांना शस्त्रक्रियेच्या सवलतीचे फोन सुरू झाले, दिवसातून चार-पाच, आणि एका फोनवर त्यांनी ‘नोंदणी’चे म्हणून अकरा हजार रुपये पाठवूनही दिले. ते दुकानात येऊन बाकावर बसले आणि म्हणाले, ‘ताई, हे तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक होतं?’ माहिती माझ्या काउंटरवरून गेली, सॉफ्टवेअरवाल्याच्या सर्व्हरवरून गेली की आणखी कोठून, हे मला आजतागायत कळलेले नाही. सॉफ्टवेअर कंपनीने माझ्या तीन पत्रांपैकी एकालाही उत्तर दिले नाही.

नव्या कायद्यात ही टाळाटाळ मला परवडणार नाही. माझ्या वतीने दुसरी कंपनी माहिती हाताळत असली, तरी कलम ८ प्रमाणे जबाबदारी माझी. करारात काहीही लिहिलेले असो. माहिती फुटल्याचे कळताच संबंधित ग्राहकांना विनाविलंब कळवायचे आणि मंडळाला बहात्तर तासांत तपशील द्यायचा. हे मला मान्य आहे. काही वर्गांना थोड्या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्राने कलम १७ मध्ये राखला आहे आणि लहान दुकानदारांच्या संघटना ती सूट मागतीलही. पण माहिती सुरक्षित ठेवण्याच्या कर्तव्यातून सूट कोणी मागू नये असे मला वाटते.

दंड भरून वर भरपाईही द्यायची म्हटले तर लहान दुकान बुडेल, असे माझे व्यवसायबंधू म्हणतात. ही भीती खोटी नाही. परंतु उल्लंघनाचे गांभीर्य, कालावधी आणि दंडाचा त्या व्यक्तीवर होणारा परिणाम पाहूनच मंडळाने दंड ठरवायचा आहे. भरपाईलाही तोच निकष लावता येईल, किंवा वसूल झालेल्या दंडातूनच ती देता येईल. गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. तो अधिकार लालबागच्या त्या काकांचा आहे, तिजोरीचा नाही.

जाता जाता आणखी एक. संमती मागताना ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये आज तो मजकूर फक्त इंग्रजीत आहे आणि ग्राहक न वाचताच होकार देतात. मराठी मजकुराची मागणी आम्ही दुकानदारांनी आत्ताच लावून धरायला हवी.

मे २०२७ ला अजून वेळ आहे. मुंबईतील सर्वपक्षीय खासदारांना माझी विनंती आहे की, कलम ४३अ रद्द होण्यापूर्वी दुरुस्ती विधेयक आणून बाधित व्यक्तीला भरपाई देण्याचा अधिकार डेटा संरक्षण मंडळाला द्यावा आणि तोपर्यंत ४३अ कायम ठेवावे.

— एक चष्मे व्यावसायिक, दादर (पश्चिम), मुंबई