सभा खुली आहे, कार्यपत्रिकाही खुली करा

संपादक महोदय,
स. न.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले आणि सभागृहांची कुलपे पुन्हा उघडली. नवी मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर या शहरांत २०२० पासून आणि मुंबई-पुण्यात मार्च २०२२ पासून प्रशासक होते. प्रस्ताव तयार करणारी यंत्रणा आणि त्याला स्थायी समिती व सर्वसाधारण सभा या दोघींच्या वतीने मंजुरी देणारा अधिकारी एकाच छताखाली, असा तो काळ गेला. पण नगरसेवक निवडून आले म्हणजे नागरिकाचे म्हणणे आपोआप सभागृहात पोचले असे होत नाही. त्यासाठी काही साध्या गोष्टी कराव्या लागतात. त्यांतल्या बहुतेकांना कायदा बदलण्याचीही गरज नाही, म्हणून नवी सभागृहे नवी असतानाच हे लिहीत आहोत.

सर्वसाधारण सभा (पुण्यात मुख्य सभा, ठाणे-नाशिककडे महासभा) ही नगरसेवकांची खासगी बैठक नव्हे. मुंबई वगळता बाकीच्या महापालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या अनुसूची ‘ड’मध्ये सभेचे नियम आहेत. त्यांनुसार सभा लोकांसाठी खुली असते. एखादी चर्चा बंद दाराआड करायची असेल तर उपस्थित सदस्यांनी बहुमताने तसा ठराव करावा लागतो. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यातही तीच तरतूद आहे. म्हणजे प्रेक्षक गॅलरीत बसणे हा हक्क आहे. त्यासाठी नगरसेवकाची चिठ्ठी आणा असे सांगणाऱ्या सुरक्षारक्षकाला कोणता ठराव दाखवता, असे विचारायला हरकत नाही. मात्र गॅलरीतून बोलता येत नाही, घोषणा देता येत नाहीत. कामकाजात अडथळा आणणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्याला आहे.

खरी अडचण दारापाशी नाही, कार्यपत्रिकेपाशी (सभेपुढच्या विषयांच्या यादीपाशी) आहे. सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी निघावी लागते आणि त्यात नोटिशीचा व सभेचा दिवस मोजत नाहीत. तातडीच्या सभेला ही मुदत तीन दिवसांवर येते. नोटिशीसोबत कार्यपत्रिका निघते, पण तीत प्रत्येक विषयाची जेमतेम दोन ओळींत बोळवण असते. मजकूर असतो विषयपत्रात आणि त्याच्या जोडपत्रांत: जागा कोणत्या सर्व्हे नंबरची, किती वर्षांच्या भाडेकराराने, कोणत्या दराने, पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज) किती रकमेचे, पैसा कोणत्या अर्थशीर्षकातून (अंदाजपत्रकातल्या खात्यातून). ही जोडपत्रे नगरसेवकाला मिळतात, नागरिकाला मिळत नाहीत. ‘अमुक अर्थशीर्षकाखालील रक्कम वर्गीकरणाने उपलब्ध करून देणे’ एवढ्या एका ओळीवरून मुलांच्या मैदानाच्या कुंपणासाठी ठेवलेले पैसे चौकाच्या सुशोभीकरणाकडे निघाले आहेत हे कोणाला कळणार? वर्गीकरणाचे, म्हणजे एका शीर्षकातला पैसा दुसऱ्यात वळवण्याचे, विषय सर्वांत रुक्ष दिसतात, म्हणून कोणी वाचत नाही. अंदाजपत्रकाच्या वेळी दिलेला शब्द मोडायचा असेल तर तो इथेच मोडतो.

दुसरी गफलत तहकुबीची. तहकूब सभेला नव्याने सात दिवसांची नोटीस लागत नाही. कधी गणपूर्ती नसते (एक तृतीयांश सदस्य हजर लागतात), कधी श्रद्धांजली वाहून सभा उठते. पुढची तारीख सभागृहात जाहीर होते आणि बाहेर कोणालाच ठाऊक नसते. आधीच्या सभेचे विषय शिल्लक, त्यांवर नव्या सभेचे विषय, असा ढीग साचतो. मग एखाद्या दिवशी तो ढीग तासाभरात उपसला जातो. सचिव विषय पुकारतात, मागच्या बाकावरून ‘मंजूर, मंजूर’ येते, पुढचा विषय. ज्याला आपल्या गल्लीच्या विषयावर नजर ठेवायची आहे त्याने सभा झाली की नाही एवढे विचारून थांबू नये. विषय क्रमांक घेऊन तो मंजूर झाला, तहकूब राहिला की दप्तरी दाखल (म्हणजे निर्णयाविना बंद) झाला हे नगरसचिव कार्यालयात विचारावे.

तिसरी गोष्ट उपसूचनेची, आणि तिथे आमचा जीव सर्वांत जास्त तुटतो. मूळ प्रस्तावात दुरुस्ती सुचवणे हे उपसूचनेचे काम. ती मूळ विषयाशी सुसंगत असली पाहिजे. प्रत्यक्षात अर्ध्या पानावर हाताने लिहिलेला मजकूर, खाली सूचक आणि अनुमोदक अशा दोन सह्या, एवढ्यावर ती सचिवांच्या टेबलावर येते. ती मोठ्याने वाचली जाईलच असे नाही. ‘उपसूचनेसह मंजूर’ हे दोन शब्द उच्चारले की मजकूर ठरावाचा भाग होतो. नामकरणाच्या विषयाला जोडून रस्त्याची रुंदी बदलणारी उपसूचना आली, तर सात दिवसांची नोटीस, कार्यपत्रिका, गॅलरी सगळे निरुपयोगी ठरते, कारण तो विषय त्या दिवशी दुपारपर्यंत जगात नव्हताच. आयत्या वेळच्या विषयांचेही तेच. खरोखरची आणीबाणी असेल तर समजू शकते. पण जागा भाड्याने देणे किंवा ठेक्याला मुदतवाढ देणे ही आणीबाणी कधीच नसते, ठेका संपण्याची तारीख करारातच लिहिलेली असते.

या सगळ्याशी खेड्यातली स्थिती ताडून पाहा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ७ प्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती. तिथे मतदार उभा राहून सरपंचाला हिशेब विचारतो आणि त्याचे बोलणे इतिवृत्तात जाते. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली. त्या गावांतल्या माणसाने आदल्या वर्षी ग्रामसभेत पाण्यावर प्रश्न विचारला असेल, हद्दीत आल्यावर त्याच प्रश्नासाठी त्याला उभे राहायला जागा उरली नाही. शहरांसाठी कायद्यात पर्याय नाही असेही नाही. क्षेत्रसभेची (प्रभागातल्या छोट्या भागातील मतदारांच्या सभेची) तरतूद २००९ पासून आहे. नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाच्या निधीसाठी राज्यांनी लोकसहभागाचा कायदा करणे बंधनकारक होते, त्यातून ती आली. पैसे आले, तरतूद पुस्तकात राहिली. प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात (१९४९ च्या अधिनियमाचे कलम २९अ), पण तिथेही पक्षांच्या कार्यकर्त्यांची वर्णी लागते, हे शहराशहरांत लोक पाहत आले आहेत.

जिथे नागरिकाचे म्हणणे ऐकणे कायद्याने सक्तीचे आहे, ती जागा म्हणजे हरकती-सूचना. प्रारूप विकास आराखड्यावर नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली राजपत्रातल्या नोटिशीपासून ३० दिवस मिळतात. कलम ३७ खालच्या किरकोळ फेरबदलाला, म्हणजे एखाद्या भूखंडावरचे आरक्षण बदलायचे असेल तेव्हाही, महिन्याभराची मुदत असते. झाड तोडायचे तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि झाडावरही नोटीस डकवावी लागते. ती सहसा सात दिवसांची असते आणि रस्त्याच्या उलट बाजूला डकवली तर कोणाला दिसतही नाही.

ही हरकत वाया कशी जाते ते नीट समजून घेतले पाहिजे. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या सुधारित प्रारूप विकास आराखड्यावर ८४ हजारांच्या वर हरकती-सूचना आल्या. प्रत्येकाला पाचच मिनिटे द्यायची म्हटली तर सात हजार तास होतात. रोज आठ तास बसले तरी ८७५ दिवस. त्यामुळे हरकती ऐकणारी नियोजन समिती एकसारख्या हरकती एकत्र बांधते आणि एका गठ्ठ्याला एक उत्तर देते. सोसायटीत एकच मजकूर छापून पाचशे सह्या घेतल्या तर पाचशे हरकती नोंदवल्या जातात आणि एक ऐकली जाते. याउलट, पाच कुटुंबांनी आपापल्या अडचणीवर पाच वेगळ्या हरकती दिल्या तर त्या एकाच उत्तरात गुंडाळता येत नाहीत.

हरकतीत नोटिशीचा क्रमांक व दिनांक, नकाशाचा पत्रक क्रमांक, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, आरक्षणाचा क्रमांक या गोष्टी पहिल्या चार ओळींत आल्या पाहिजेत. मग ‘आमचा विरोध आहे’ एवढ्यावर न थांबता नेमके काय हवे ते लिहावे. ‘१२ मीटर रस्ता ९ मीटर करावा, कारण इमारत २००४ ची असून भोगवटा प्रमाणपत्र सोबत जोडले आहे’ असे वाक्य अधिकाऱ्याला बाजूला ठेवता येत नाही. आराखड्याच्या त्या भागाची प्रत जोडून तिच्यावर लाल पेनाने जागा दाखवावी. शेवटी ‘मला समक्ष सुनावणी हवी आहे’ हे वाक्य न विसरता लिहावे. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा. शिक्का नसेल तर हरकत दिलीच नव्हती असे समजा. सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत जाणकार असतात, तेव्हा तिथे भावनेपेक्षा नकाशा जास्त कामी येतो. मुंबईचाच २०१५ चा पहिला प्रारूप आराखडा आठवावा. उभ्या इमारतींवरून रस्ते, यादीतून गहाळ झालेल्या वारसा वास्तू, अशा नेमक्या चुका लोकांनी जागेसह दाखवल्या. त्या वर्षी २१ एप्रिलला तो आराखडा रद्द करून नव्याने करायला सांगावे लागले.

जिथे हरकतीची तरतूद नाही अशा सभेतल्या विषयांसाठी एकच वाट आहे: सभेच्या किमान दोन दिवस आधी लेखी पत्र. ते महापौर, नगरसचिव, आयुक्त आणि सर्व पक्षांच्या गटनेत्यांना द्यावे, फक्त आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला देऊ नये. एका पानात विषय क्रमांक, दोन आकडे आणि एक मागणी बसवावी. विरोधी बाकावरच्या नगरसेवकाला भाषणासाठी आकडा हवाच असतो. तो त्याने वाचून दाखवला की आपले म्हणणे इतिवृत्तात जाते. कागद आधी पाहायचे असतील तर २०१८ च्या शासन निर्णयाने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ महापालिकेत अभिलेख पाहण्याची सोय केली, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. माहिती अधिकारात मागायचे तर दहा रुपयांचा अर्ज, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. मात्र त्याला ३० दिवस लागतात आणि सभा सात दिवसांवर असते, म्हणून तो मार्ग सभेनंतरच्या पाठपुराव्याचा. करवाढीवर बोलायचे असेल तर जानेवारीतच बोलावे. कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात, मार्चमध्ये काढलेल्या मोर्चाला आयुक्त काहीच देऊ शकत नाहीत.

ठराव झाल्यावरही सगळे संपत नाही. बेकायदा किंवा जनहिताविरुद्ध ठरावाला राज्य सरकार १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ४५१ खाली स्थगिती देऊ शकते किंवा तो विखंडित (रद्द) करू शकते. नगरपरिषदेच्या ठरावाबाबत तसा स्थगितीचा अधिकार १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. अर्जासोबत ठरावाची प्रमाणित प्रत लागते, आणि इथे इतिवृत्ताचा उशीर आडवा येतो. इतिवृत्त पुढच्या सभेत कायम व्हायचे, ती सभा तहकूब, मग त्यापुढची. तोवर कामाचा कार्यादेश निघून खड्डा खणून झालेला असतो.

माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४(१)(ख)मध्ये प्रत्येक कार्यालयाने आपल्या सभा-समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात का, हे स्वतःहून जाहीर करायचे आहे. त्याच आधारावर नव्या महापौरांना आमची विनंती अशी. नगरसेवकांना कार्यपत्रिका जाते त्याच दिवशी विषयपत्र आणि जोडपत्रांसह ती संकेतस्थळावर टाकावी, आणि शोधता येईल अशा युनिकोड मजकुरात टाकावी. तिरके स्कॅन केलेले फोटो नकोत. तहकूब सभेची तारीख त्याच संध्याकाळी जाहीर व्हावी. उपसूचना वाचून दाखवल्याशिवाय मताला टाकू नये आणि मंजूर झालेल्या उपसूचनांच्या प्रती दुसऱ्या दिवशी फलकावर लावाव्यात. सभेआधी अर्धा तास नागरिकांसाठी ठेवावा. आधी नाव नोंदवलेल्या दहा जणांनी त्या दिवशीच्या विषयांवरच प्रत्येकी तीन मिनिटे बोलावे. सभा अजून सुरू झालेली नसल्याने तिच्या नियमांना यात कुठेच धक्का लागत नाही.

आणि एक विनंती आपल्यालाही. सभेत कोणी काय फाडले, कोण कोणाच्या अंगावर गेले, हे आपल्या शहर पानावर दुसऱ्या दिवशी येते. त्याऐवजी सभेच्या चार दिवस आधी कार्यपत्रिकेतले जागा, ठेका, वर्गीकरण आणि कर यांचे विषय त्यांच्या क्रमांकासह एका चौकटीत छापावेत. नोटिशीच्या जाहिराती आपल्याकडे येतातच. त्यांतल्या बारीक टायपातले आठ-दहा विषय मोठ्या टायपात आले, तर पत्र लिहायला वाचकाच्या हाती दोन दिवस तरी उरतील.

आपले,
नागरी कारभाराचे काही अभ्यासक, पुणे