जमिनीवरचे रुग्ण कोणाच्या हिशेबात?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी नागपूरची. पाठ्यनिर्देशिका म्हणून 31 वर्षे मुलींना परिचर्या शिकवली आणि निवृत्त झाले. वर्गातला एक प्रश्न मात्र अजून सुटला नाही.

त्या दिवशी मी फळ्यावर भारतीय परिचर्या परिषदेचे (इंडियन नर्सिंग कौन्सिलचे) निकष मांडत होते. अध्यापन रुग्णालयाच्या, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या दवाखान्याच्या, सर्वसाधारण वॉर्डात 3 खाटांमागे 1 परिचारिका, रजेवरच्यांच्या बदली म्हणून वर आणखी 30 टक्के. तीन पाळ्यांत वाटलं की एका पाळीत 9 खाटांमागे एक. भंडाऱ्याची एक मुलगी उभी राहिली. नाइट करून थेट वर्गात आली होती. म्हणाली, ‘‘मॅडम, खाली झोपलेले पेशंट यात धरायचे का?’’

‘नाही’ म्हणताना मला तिच्याकडे बघवलं नाही.

साहेब, पदं मंजूर होतात ती खाटांवर. नागपुरात गोंदिया, गडचिरोलीपासून पार छिंदवाडा, बालाघाटपर्यंतची माणसं येतात. खाट नाही म्हणून सरकारी दवाखान्यातून कोणाला परत पाठवत नाहीत, आणि पाठवूही नये. दोन खाटांच्या मधे गादी पडते. तिथे सलाइनचा स्टँड मावत नाही, बाटली खिडकीच्या गजाला बांधावी लागते. सिस्टर गुडघ्यांवर बसून, मोबाइलचा उजेड तोंडात धरून शीर शोधते. उठते तोवर पलीकडून कोणीतरी हाक मारलेली असते.

अशाच एका वॉर्डात मी विद्यार्थिनींना घेऊन जायची. अर्धांगवायू झालेला एक शेतमजूर गादीवर होता. पडून राहून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, हे पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल. पण त्याला दोघींनी मिळून वळवावं लागे, आणि रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, एकच. पाचव्या दिवशी चादर सरकवली तर माकडहाडावर रुपयाएवढी काळी जागा. त्याच्या बायकोने मलाच विचारलं, ‘‘बाई, हे इथं आल्यावर झालं ना?’’ हो, इथं आल्यावरच झालं होतं.

अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ व्हर्जिनिया हेंडरसन यांनी परिचर्येची जी व्याख्या केली, ती मी दरवर्षी शिकवली. अंगात बळ, मनात इच्छा आणि पुरेशी माहिती असती तर माणसाने स्वतःसाठी जे केलं असतं, ते त्याच्यासाठी करणं. त्यांनी सांगितलेल्या 14 मूलभूत गरजांत श्वास आहे, अन्न आहे, झोप आहे, हालचाल आणि अंगस्थिती आहे. परीक्षेत मुली या चौदाही गरजा बिनचूक लिहितात. वॉर्डात एकीच्या हातून किती पुऱ्या होणार?

आमच्या व्यवसायाचा पायाच मोजण्यावर आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा दिवा सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांची वही फारशी कोणाला ठाऊक नाही. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच जास्त मेले, हे त्यांनी आकडे आणि आलेख मांडून सरकारच्या गळी उतरवलं. आपल्याकडे 1946 साली देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने मोजलं, तेव्हा 43 हजार लोकांमागे 1 परिचारिका निघाली. पुढच्याच वर्षी परिचर्या परिषदेचा कायदा झाला.

कमी हातांची किंमतही मोजून झाली आहे. पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या रुग्णांत, परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला की 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियाने तर 1999 मध्ये कायदाच केला. 2004 पासून तिथे रुग्णसंख्येप्रमाणे परिचारिका ठेवणं बंधनकारक आहे.

म्हणून माझी मागणी एकच. परिचारिकांची पदं मंजूर खाटांवर नको, प्रत्यक्ष दाखल असलेल्या रुग्णांच्या वर्षभराच्या सरासरीवर ठरवा, आणि त्या सरासरीत गादीवरचा माणूस धरा. आकडा नव्याने गोळा करायची गरज नाही. रोज रात्री 12 वाजता प्रत्येक वॉर्डात रुग्णांची गणना होते, रजिस्टरात सही होते. ती रजिस्टरं मागवून घ्या.

डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण इथे असालच. एका रात्री दोनच्या सुमारास, कोणाला न कळवता, कोणत्याही मेडिसिन वॉर्डात या. परिसेविकेच्या, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरच्या, टेबलावर ते रजिस्टर असेल. त्यातला आकडा आणि समोरच्या खाटा, दोन्ही आपण स्वतः मोजा.

आपली नम्र,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका, नागपूर